शेरा

दाखल्यांचं पुस्तक माझ्या टेबलाच्या उजव्या खणात असतं.
सतरा वर्षं झाली.
लोकेश भटू शिरसाठ, आठवी ब,
एवढं लिहून ठेवलंय. पुढचे रकाने मोकळे.

गुरुवारी सापडला तो, सायकल स्टँडच्या मागे.
पंक्चरच्या सोल्युशनची ट्यूब, दुधाची रिकामी पिशवी,
आणि पिशवीत तोंड.
ईशी सरांनी हाक मारली तेव्हा हसला म्हणे,
ओळखीचं नाही,
लांबून आपली एसटी दिसल्यावर माणूस हसतो तसं.

दोघे होते खरं तर.
दुसऱ्याचे वडील संस्थेवर आहेत.
त्याला समज देण्यात आली.
ही समज कुठल्या रकान्यात भरतात
ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

गिरासे सर वाईट माणूस नाही.
व्यसनमुक्त शाळेचा फलक त्यांनीच रंगवून घेतला,
रस्त्यावर पिवळी रेघ मारून घेतली.
तपासणीच्या दिवशी टपरी रेघेपलीकडे जाते,
दिवेलागणीला परत येते, गाय गोठ्यात यावी तशी.
मला ठाऊक आहे, कारण माझी पुडी तिथलीच.

"एक ओली मिरची राहिली
तर अख्खं पोतं काळं पडतं," सर म्हणाले.
दोंडाईचात असं बोललं की
पुढे काही बोलावं लागत नाही.

सोमवारी आई आली.
पथारीवर मिरचीची देठं खुडते, किलोवर पैसे.
अर्जावर अंगठा हवा होता.
शाईत बुडवला, उठवला, नुसता जांभळा डाग.
पुन्हा उठवला. पुन्हा डाग.
तिखटानं रेघाच खाल्लेल्या.
'पालकांच्या विनंतीवरून' हे आमच्याकडे छापलेलंच असतं,
पण ती विनंती भलतीच करत होती:
"मारा त्याले, कोंडी ठेवा, पन घर नका धाडा भाऊ.
दिनभर घर कोन ऱ्हास?"

मी म्हणालो, सर्व्हर बंद आहे.
मंगळवारीही म्हणालो.
बुधवारी गिरासे सर स्वतः आले,
चालू स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं, चष्मा पुसला,
"अजून बंदच दिसतोय," म्हणाले
आणि घंटा व्हायच्या आत निघून गेले.

तेवढ्यात बागुल मॅडमनी त्याला
माझ्याच खोलीत आणून बसवलं, जुनी पुस्तकं मोजायला.
बोलत नाही. बोटं थरथरतात.
दीडशेच्या आसपास आकडा हरवतो,
मग पहिल्या पुस्तकापासून सगळं परत.
पहिल्या दिवशी मी व्हाइटनरची बाटली कुलपात टाकली.
त्यानं ते पाहिलं.
किल्ली खिशात ठेवताना मला त्याच्याकडे बघवेना.

शनिवारी मॅडम त्याला धुळ्याला नेणार आहेत,
सिव्हिलमध्ये कुणी डॉक्टर पोरांशी नीट बोलतो म्हणे.
जाण्यायेण्याचं भाडं कुठल्या खात्यातून,
हा प्रश्न माझ्याकडे आला.
किरकोळ, असं लिहिलं.
त्याहून मोठं खातं आमच्याकडे नाही.

काल तो पहिल्यांदा बोलला.
मान वर न करता:
"भाऊ, तुम्ही तोंडात काय ठेवलंय?"

मी उठलो. नळापाशी गेलो. थुंकलो, चूळ भरली.
पुडी टाकली असं नाही म्हणत. शर्टाच्या खिशात होती.
परत आलो तर त्याचं चालूच,
एकशे एकसष्ट, एकशे बासष्ट.
इतका पुढे तो आधी गेला नव्हता.

मग वारा फिरला,
पथारीचा खकाणा खिडकीतून आत आला
आणि ठसका लागला, त्याला, मला,
पलीकडच्या वर्गात अख्ख्या आठवी बला.
डोळे पुसत त्यानं ढिगाकडे पाहिलं.
आकडा गेला होता.

"एक," तो म्हणाला.